फाइव्ह की नाइन

मी विमानतळावर नोकरी करते असं सांगितलं की लोक आधी हरवलेल्या बॅगेबद्दल विचारतात. हेब्बाळला आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. ते दोन वर्षं मला लिफ्टमध्ये गाठून विमान उशिरा सुटल्याचा जाब विचारत होते. मी सांगायची, अहो, बॅग विमान कंपनीची, इमारत आणि धावपट्टी विमानतळ चालवणाऱ्यांची, आम्ही फक्त आकाशातल्या वाहतुकीचे. ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, "सरी, बरोबर आहे मॅडम, पण उशीर का झाला?"

मला त्यांचं हसू येत नाही. सत्तावीस वर्षं आत राहून ही रचना मला तरी कुठे पुरती कळली आहे?

थोडक्यात सांगते. वैमानिक विमान उडवतो, पण आपल्या मनाने कुठेही वळत नाही की कितीही उंच जात नाही. जमिनीवरून त्याला कोणीतरी सांगत असतं. ते आम्ही, नियंत्रक. टॉवरमधला नियंत्रक काचेतून बघून धावपट्टी सांभाळतो. विमान वर गेलं की रडारच्या खोलीत पडद्यासमोर बसलेला ते आपल्या ताब्यात घेतो. हे सगळं एका सरकारी प्राधिकरणाचं काम. आणि प्राधिकरण नियमाने वागतं की नाही, हे बघायला दुसरं सरकारी कार्यालय आहे, त्याला आम्ही नियामक म्हणतो. काम करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. ऐकायला किती सोपं वाटतं! पण तपासायला काम कळणारी माणसं लागतात, आणि ती प्राधिकरणाशिवाय कुठेच तयार होत नाहीत. मग नियामक ती उसनी मागतो. त्याला डेप्युटेशन म्हणतात. मी तशी उसनी गेलेली बाई.

गळ्यात दोन ओळखपत्रं आली. हजेरी इथे, सर्व्हिस बुक तिथे. पहिल्याच महिन्यात रजेचा अर्ज केला, तर इकडचे म्हणाले मूळ कार्यालयाची सही आणा, आणि मूळ कार्यालय म्हणालं, बाई, आता तुम्ही आमच्या नाहीत. रजा मंजूर झाली तेव्हा निपाणीला भाचीचं लग्न होऊन तिचा मांडवपरतणीचा कार्यक्रमही आटोपला होता.

माझे नवे साहेब मेनन. सज्जन माणूस, पण शब्दाला काटेकोर. मराठी घरात वाढलेल्या मला 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक कोणी शिकवावा लागला नव्हता. पण हिंदीत बोलतानाही मी टॉवरबद्दल (रडारच्या खोलीसकट सगळ्याला आम्ही टॉवरच म्हणतो) सवयीने "अपने यहाँ" म्हणायची. मेनन साहेब पेन खाली ठेवून विचारायचे, "अपने यहाँ म्हणजे कुठे, मॅडम?" मलाच ठाऊक नसायचं.

आता अण्णांबद्दल.

हणमंतराव अण्णा. तीनेकशे वर्षांपूर्वी त्यांचे कोणी पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आले आणि राहिले. मल्लेश्वरमच्या घरात अजून मराठी बोलतात, पण ती अशी की पुण्याचा माणूस दोन मिनिटं नुसता बघत राहील. मी निपाणीची, मला मराठी-कानडी दोन्ही येत असल्यामुळे ती गोड वाटायची. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या पाठीशी उभं राहून त्यांनी मला काम शिकवलं. पाठीशी म्हणजे अक्षरशः. शिकाऊ नियंत्रक बोलतो तेव्हा मागे शिकवणारा दुसरा हेडफोन लावून उभा असतो, आणि चूक झाली की मधे पडतो. अण्णा मधे पडायचे नाहीत. ते खांद्यावर एक बोट टेकवायचे, बस.

त्यांनी मला एक गोष्ट घोटून घेऊन शिकवली. आम्ही वैमानिकाला उंची सांगितली की त्याने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते, आणि ते परत म्हणणं आम्ही नीट ऐकायचं असतं. सांगणं अर्धं काम, ऐकणं उरलेलं अर्धं. रेडिओवर इंग्रजीतले फाइव्ह आणि नाइन फार सारखे वाटतात. म्हणून जगभर फाइव्हला 'फाइफ' आणि नाइनला 'नाइनर' म्हणायची पद्धत आहे. पण घाईत सगळेच तसं म्हणत नाहीत. अण्णा म्हणायचे, "शंका आली की परत विचारायचं, अम्मा. लाज कशाला? आकाशात लाजेला जागा नाही."

त्यांच्या निवृत्तीला सात-आठ महिने राहिले असताना माझ्याकडे त्यांच्याच युनिटची तपासणी आली. मी मेनन साहेबांना म्हटलं, हे माझे शिक्षक आहेत, दुसऱ्या कोणाला पाठवा. ते म्हणाले, "दुसरं कोण आहे? सगळे तिथलेच आहेत."

तपासणीत आम्ही कागद बघतो, लायसन्स बघतो, आणि कोणत्याही दिवसाचा कुठलाही एक तास निवडून त्या वेळचं रेकॉर्डिंग ऐकतो. वैमानिक आणि नियंत्रक यांचा प्रत्येक शब्द साठवलेला असतो. मी निवडलेल्या सकाळच्या तासात पडद्यासमोर अण्णा होते. आवाज ऐकल्याबरोबर मला बरं वाटलं. सावकाश, स्वच्छ, प्रत्येक आकडा सुटा.

विसाव्या मिनिटाला एक छोटं, जुनं, दोन पंख्यांचं विमान उडालं. अण्णांनी त्याला पाच हजार फुटांपर्यंत चढायला सांगितलं. कारण समोरून सात हजारांवर दुसरं विमान येत होतं. वैमानिकाने परत म्हटलं. पंख्यांच्या घरघरीत मला ऐकू आलं, "नाइन थाउजंड."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी दुसऱ्या विमानाशी बोलायला सुरुवात केली.

मी मागे जाऊन परत ऐकलं. नाइन. परत ऐकलं. नाइन. माझ्याबरोबर दीपा नावाची तरुण निरीक्षक होती, विजयपूरकडची, हुशार. तिला म्हटलं, "तू ऐक, मी काही सांगत नाही." पण माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. तिने ऐकलं आणि म्हणाली, "नाइन." दुसऱ्यांदा ऐकून म्हणाली, "थांबा, फाइव्ह वाटतंय." तिसऱ्यांदा तिने हेडफोनच काढून ठेवला. "मॅडम, तुम्हाला नाइन वाटलंय हे मला कळलंय, म्हणून मला नाइन ऐकू येतंय. माझं काही धरू नका."

मग आम्ही रडारची नोंद काढली. झालं काहीच नव्हतं. समोरचं विमान बाजूने निघून गेलं, आणि छोटं विमान पाच हजारांच्या जरा खालीच असताना अण्णांनी त्याला पुढची उंची दिली. म्हणजे ते पाच हजारांवर थांबणार होतं की सात हजार ओलांडून नऊवर जाणार होतं, हे कळायची वेळच आली नाही. शेवटी शेवटी त्याचा चढण्याचा वेग थोडा कमी झालेला दिसत होता. थांबायच्या बेतात असलेलं विमान असंच करतं. धापा टाकणारं जुनं विमानही असंच करतं. वैमानिकाला विचारलं, तर त्याला ती सकाळच आठवत नव्हती. मोठ्या विमानांत सगळं आपोआप टिपलं जातं, तसं यंत्र याच्यात नव्हतं.

मी अण्णांना युनिटच्या कँटीनमध्ये गाठलं. तसं करायचं नसतं, पण केलं. ते एकटेच उपीट खात बसले होते.

"अण्णा, त्या छोट्या विमानाने फाइव्ह म्हटलं की नाइन?"

त्यांनी चमचा थांबवला. "फाइव्ह."

"मला नाइन ऐकू येतंय."

"परत ऐक."

"तीन वेळा ऐकलं."

त्यांनी बशी बाजूला सारली. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "मग लिही. तुला जे ऐकू आलं ते लिही. माझं तोंड बघून लिहू नकोस."

आमच्या तपासणीच्या फॉर्मवर प्रत्येक मुद्द्यापुढे दोनच चौकोन असतात. दोष आढळला, दोष आढळला नाही. मी मेनन साहेबांना म्हटलं, मला शंका आहे, शंकेचा चौकोन कुठाय? ते म्हणाले, "मॅडम, शंका तुमच्या मनात. अहवालात 'कदाचित' चालत नाही. विमान खाली पडलं असतं तर तुम्ही काय लिहिलं असतं?"

या प्रश्नावर कोणीही जे करेल तेच मी केलं. पहिल्या चौकोनात खूण केली. पाच हजार सांगितले असता वैमानिकाने नऊ हजार म्हटले व नियंत्रकाने ते दुरुस्त केले नाही.

अहवाल गेल्यावर नियमाप्रमाणे अण्णांना पडद्यासमोरून उठवलं. शिक्षा नव्हे, चौकशी होईपर्यंतची खबरदारी. पण तेहतीस वर्षं पडद्यासमोर बसलेल्या माणसाला बाजूच्या खोलीत रजिस्टरं चाळायला बसवलं की शिक्षेचं वेगळं नाव शोधावं लागत नाही. मी टॉवरवर गेले की जुने सहकारी "या मॅडम, बसा मॅडम" करायचे. पूर्वी मला वासंती म्हणणारी माणसं. आणि मेनन साहेबांच्या कार्यालयात मला अजून टॉवरची बाई समजायचे. मी घरी येऊन नवऱ्याला विचारायची, मी बरोबर केलं का? तो बँकेतला. म्हणायचा, "तुला ऐकू आलं ना? मग झालं." मला ते पटायचं आणि झोप यायची नाही.

त्यानंतर दीड महिना झाला असेल. मल्लेश्वरमच्या बाजारातून रिक्षात बसले होते. उजव्या हातात फुलांची पुडी आणि नारळाची पिशवी, म्हणून फोन डाव्या कानाला लावला. निपाणीहून बहीण बोलत होती. शब्द कसे कापूस कोंबल्यासारखे. मी "ऐकू येत नाही गं, ऐकू येत नाही" ओरडतेय आणि रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "अक्का, त्यांचा आवाज मला इथे येतोय." मी फोन उजव्या कानाला नेला. बहीण लख्ख ऐकू आली.

मी पिशवी मांडीवर घेतली आणि फोन पुन्हा डावीकडे नेला. कापूस. उजवीकडे, लख्ख.

रिक्षा तिथेच सोडली आणि कानाच्या डॉक्टरांकडे चालत गेले. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी शिट्ट्या ऐकवल्या. ऐकू आली की बटण दाबायचं. बाहेर आल्यावर डॉक्टरबाई आलेख दाखवून म्हणाल्या, "उजवा छान आहे. डाव्या कानाला बारीक, वरच्या पट्टीचे आवाज कमी येतात. बोलणं कळतं, पण स, फ, थ असे हवेचे आवाज निसटतात. फोनवर, गोंगाटात जास्त. हेडफोनचं काम करता का?"

"करत होते."

"कुठल्या कानाला?"

टॉवरची सवय. एक कान हेडफोनमध्ये, दुसरा कान खोलीतल्या लोकांसाठी मोकळा. माझा हेडफोनचा कान नेहमी डावा. तपासणीच्या दिवशीही डावाच होता. फाइव्हमधला 'फ' निसटला तर काय उरतं? मी तिथेच, दवाखान्याच्या बाकावर बसून दोन्ही शब्द पुटपुटत राहिले. शेजारच्या आजीबाई सरकून बसल्या.

खरी मेख पुढे आहे. नियंत्रकाची दर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते, कान तपासतात, नापास झाला तर लायसन्स थांबतं. पण नियंत्रकाचं बोलणं ऐकून त्याच्यावर दोष ठेवणाऱ्या निरीक्षकाचे कान कोणी तपासायचे, हे कुठेच लिहिलेलं नाही. डेप्युटेशनवर गेल्यापासून माझी तपासणी झालीच नव्हती. प्राधिकरणाला वाटलं नियामक करेल, नियामकाला वाटलं प्राधिकरण.

मी मेनन साहेबांकडे गेले. म्हटलं, मला ते रेकॉर्डिंग उजव्या कानाने एकदा ऐकू द्या. त्यांनी आलेख नीट बघितला. माणूस म्हणून त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं. "मॅडम, ते आता चौकशी समितीकडे सीलबंद आहे. आणि आरोप तुमच्या अहवालातून आलाय. तुम्हालाच पुन्हा ऐकू दिलं तर लोक काय म्हणतील?"

"मी लेखी देते. माझ्या अहवालावर विसंबू नका असं."

"द्या," ते म्हणाले. आणि आलेख माझ्या हातात ठेवत, "पण कोणाला द्याल?"

मी दोघांनाही दिलं. नियामकाच्या मुख्य कार्यालयाने कळवलं की आपण मूळच्या प्राधिकरणाच्या कर्मचारी असल्याने आपली वैद्यकीय बाब त्यांच्याकडे मांडावी. प्राधिकरणाने कळवलं की आपण सध्या डेप्युटेशनवर असल्याने आपले पत्र नियामकाकडे पाठवण्यात येत आहे. माझी पत्रं वाटेत एकमेकांना भेटली असतील. चौकशी समितीपर्यंत त्यातलं एक तरी पोचलं का, मला कधीच कळलं नाही.

समितीत तिघे होते. त्यांनी तीन दिवस ऐकलं म्हणे. निकाल आला: वैमानिकाचे उत्तर अस्पष्ट आहे, ते पाच की नऊ हे ठरवता येत नाही, अशा वेळी नियंत्रकाने पुन्हा विचारणे अपेक्षित होते. अण्णांचे कान तपासले, ते त्यांच्या वयाच्या मानाने ठीक निघाले. आठवडाभराचं उजळणीचं प्रशिक्षण झालं आणि त्यांना परत पडद्यासमोर बसवलं. निवृत्तीला अडीच महिने होते.

मला वाटलं, चला, सुटलो.

दीपा एकदा टॉवरवर जाऊन आली आणि माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, अण्णा सगळंच परत विचारतात आता."

"म्हणजे?"

"प्रत्येक उत्तर. वैमानिक स्वच्छ सांगतो, तरी 'से अगेन'. दोनदा, कधी तीनदा. सकाळच्या गर्दीत बाकीचे वैमानिक बोलायला जागा शोधत असतात. काल एक जण चिडून बोलला."

मी स्वतः गेले नाही. धीर झाला नाही. पंधरा दिवसांनी कळलं की अण्णांनी आपणहून लिहून दिलं, मला प्रशिक्षणाच्या वर्गावर घ्या. शेवटचे दोन महिने त्यांनी फळ्यासमोर काढले. निरोपाच्या कार्यक्रमाला मी कुठल्या बाजूच्या खुर्चीत बसावं हे कळेना, म्हणून मागे उभी राहिले. त्यांनी लांबून हात केला.

माझंही डेप्युटेशन नंतर संपलं. परत आल्यावर तपासणी झाली आणि त्या कानावर पडद्यासमोर बसायची परवानगी मिळाली नाही. सध्या मी आराखडे आणि कागदपत्रांच्या विभागात आहे. त्याची तक्रार नाही.

गेल्या उगादीनंतर, म्हणजे गुढीपाडव्यानंतर, मी मल्लेश्वरमला अण्णांकडे गेले. कानाचं त्यांना माझ्या तोंडून कळावं असं वाटत होतं, आणि तेवढं करायला मला जवळजवळ एक वर्ष लागलं. त्यांच्या पत्नीने मठ्ठा आणून ठेवला आणि आत गेल्या. मी सगळं सांगितलं. डावा कान, आलेख, दोन पत्रं, दोन उत्तरं. माझं झाल्यावर अण्णा म्हणाले, "दोघांनी एकमेकांकडे पाठवलं?"

"हो."

ते हसले. मनापासून हसले, खांदे हलेपर्यंत. "अय्यो अम्मा, आपल्या खात्यात तू एकटीच खरं बोललीस, आणि ते घ्यायला कोणाकडे जागा नव्हती."

आपल्या खात्यात म्हणाले. तरी मला विचारायचंच होतं. "अण्णा, आता तुम्ही-मी दोघंच आहोत. त्याने फाइव्हच म्हटलं होतं ना?"

त्यांनी पेला खाली ठेवला. स्वल्प थांब, असा हात केला आणि डोळे मिटले. त्या सकाळचं सगळं पुन्हा ऐकत असावेत. डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. शाळेतल्या मुलाला गणित सुटेनासं झालं की तो जसा दिसतो, तसे दिसत होते.

"त्या दिवशी फाइव्हच ऐकलं," ते म्हणाले. "पक्कं. त्यात शंका असती तर मी परत विचारलं नसतं का? पण मग तुझा अहवाल वाचला. तू लिहिलंयस म्हणजे उगाच नसणार, तुला मी शिकवलंय. आणि तेव्हापासून मनात कितीही वेळा वाजवून बघितलं, तरी नाइनच ऐकू येतं."

"अण्णा, फाइव्हच असणार. माझा कान..."

"नको," त्यांनी मला थांबवलं. "माझ्यासाठी म्हणू नकोस. तुला तरी कुठे माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मठ्ठ्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.